साठ जोडी बूट

जानेवारीत, अ‍ॅथलोनच्या हॉटेलात,
गालिच्यावर धुतलेले हात मांडीवर ठेवून आम्ही तीनशे जण
पडद्यावर बघत होतो कुणाच्या तरी गवताची मुळं,
माणूस उभा पुरला जाईल इतकी खोल.
प्रश्नांच्या वेळी माझा हात वर गेला. का, ते अजून ठाऊक नाही.
म्हटलं, माझी काही एवढी नाहीत, पण येऊन बघा.
लोक हसले. कोल्मनने मात्र वहीत लिहून टाकलं:
मे, दुसरा गुरुवार, सकाळी अकरा, शिवारफेरी.

मग चार महिने मी झोपेतही कुंपणाची तार ओढत होते.

आले. भुरभुर चालू होती;
गॉलवेत आम्ही तिला पाऊस म्हणत नाही.
फाटकापाशी जंतुनाशकाचं घमेलं,
त्यात बूट बुडवून एकेक जण आत,
चर्चच्या दारात बोटं बुडवावीत तसा, सवयीने, न बघता.
क्लेअरचं एक जोडपं, पोर पाठुंगळी.
मेयोचे तीन भाऊ, तिघांत एकच छत्री, तीही मिटलेली.
बँकेचा माणूस, कोऱ्या बुटांत.
मी मोजत होते. सत्तावन्न, अठ्ठावन्न,
आणि एकोणसाठावा फेस्टस किलीन.

फेस्टस. माझ्या दगडी बांधापलीकडचा.
सव्वीस वर्षं या फाटकातून आला नव्हता.
एका झऱ्यावरून माझा सासरा आणि तो
जे बोलले, ते मी इथे लिहीत नाही.
सासरा गेला. झरा आटला. अबोला तगला,
त्याला पाणी लागत नाही.

त्याने डावा बूट बुडवला, मग उजवा,
मग पुन्हा डावा.
मी म्हटलं, "सगळ्यांचं स्वागत."
किती सोयीचा शब्द, सगळ्यांचं.

पट्ट्याची तार उचलली तशा गाई धावल्या,
म्हाताऱ्यासुद्धा, शाळा सुटल्यासारख्या,
आणि मग तो आवाज: जिभेने गवत वळून उपटण्याचा,
चाळीस तोंडांचा, ओला.
साठ माणसं गप्प. असं गप्प राहणं
त्या हॉटेलात जमलं नव्हतं कुणाला.

"खत?" तीन वर्षं पोतं फोडलेलं नाही.
"आणि वाईट वर्ष?" बँकेचा माणूस.
दुसरं, मी म्हटलं. अकरा कालवडी विकल्या.
त्यातल्या एकीचं नाव अजून तोंडात येतं
दुसरीलाच हाक मारताना.
कुणी तरी खोकलं. कोल्मनने फावडं रोवलं.

वीतभर चौकोन, काळा, पांढऱ्या मुळांनी विणलेला.
क्लेअरच्या बाईने गांडुळं मोजली, एकोणीस,
पोराने विसावं मुठीत धरलं होतं.
ढेप हातोहात फिरली. फेस्टसपाशी आली तेव्हा
तो गुडघ्यावर बसला, वास घेतला,
आणि जमिनीकडेच बघत म्हणाला,
"बांधाच्या माझ्या अंगाला डबकं साठतं. हिच्याकडे नाही."

"इथे पाणी खाली जातं," मी म्हटलं.

"म्हणजे झरा तुझ्याकडेच आहे तर."

लोक खळखळून हसले. छान विनोद झाला.
आम्ही दोघं हसलो नाही. तो आरोप होता की दुसरं काही,
मला नाही कळलं; त्यालाही कळलं असेल असं नाही.

गोठ्यात चहा, हॅमचे सँडविच, पावसाची चर्चा.
कागदी कप उलटा घालून तो कधी निघाला, पाहिलं नाही.

संध्याकाळी खड्डा बुजवायला फावडं घेऊन गेले.
बुजला होता.
ढेप जागच्या जागी, हिरवी बाजू वर,
कडा बोटांनी दाबलेल्या,
मधोमध टाच.

गाई बांधाच्या बाजूला बसून रवंथ करत होत्या.
पलीकडे कुणी तरी कुत्र्याला हाक मारली
आणि मी, उगाचच,
फावडं हातात घेऊन उभी राहिले.