वेढे

तारामुंबरीच्या पुलाअलीकडे माझं दुकान,
वाइंडिंगचं.
विहिरीतले पंप, मिक्सर, एकदा जत्रेतल्या पाळण्याची मोटर.
जळलेली तार उपसायची, नवी भरायची.
वार्निशचा वास माझ्या भाकरीलाही येतो.

मनवा आली ती दप्तरात बोट घालून.
पावणेदोन फूट, फायबरची, पोट आतून खरबरीत.
ट्रॉलरच्या डागडुजीतलं उरलेलं फायबर.
कुणाच्या ट्रॉलरच्या, ते मी विचारलं नाही.
सहा वर्षं झाली, विचारत नाही.

"काका, सगळ्यांत फास्ट मोटर."

सगळ्यांत फास्ट अशी मोटर नसते, बाय.
आकडा वाच. दोन हजार केव्ही.
म्हणजे एका व्होल्टला दोन हजार फेरे,
तेही नुसत्या हवेत;
पंखा पाण्यात बुडायच्या आधीची ती बढाई.
चार सेलची बॅटरी, चौदा पूर्णांक आठ व्होल्ट.
गुण.
एकोणतीस हजार सहाशे, ती म्हणाली, बोटांवरची शाई चाटत.
आता ही दुसरी बघ, सुस्त दिसते, साडेतेराशेची.
हिला सहा सेल दे. बावीस पूर्णांक दोन.
तिनं दोनदा गुणलं. मग माझ्याकडे पाहिलं.
"जवळजवळ तेवढेच!"
तेवढेच. पण करंट कमी ओढते, तार थंड राहते.
बारीक तारेचे जास्त वेढे धीर धरतात.
जाड तारेचे थोडे वेढे
खा खा खातात, सुसाट सुटतात, आणि तिसऱ्या मिनिटाला
तुझ्या बापासारखे—

इथे मी दहाचा पाना शोधू लागलो.
तो माझ्या हातातच होता.

सहा सेलला पैसे पुरेनात.
गणपतीत जमलेले, वर एका मावशीचे पन्नास.
चार सेलचीच घेतली, जाड तारेची मोटर घेतली.
बॅटरीवर ठळक लिहिलेलं, शंभर सी.
लिलावातला भाव समज, म्हटलं, निम्म्यावर धर.
बॅटरी जरा मागे सरकवली, नाक हलकं झालं.
दांड्याच्या नळीत ग्रीस भरलं, खारं पाणी कुठूनही येतं.

रविवारी, भरती नुकतीच फिरली होती.
बोट सुटली आणि मी चक्क ओरडलो.
पाण्याला शिवतच नव्हती ती,
मागे शेपटासारखं पांढरं तुषाराचं पिसं,
पुलावरची माणसं सायकली थांबवून,
एक बगळा रागावून दुसऱ्या काठाला.
एक मिनिट. दोन.
मग आवाज बारीक झाला,
जसा कुणी बोलता बोलता विचारात पडावा,
आणि बोट तिथेच, खाडीच्या मधोमध,
ओहोटीच्या हातात, बंदराच्या तोंडाकडे.

मनवा रिमोट दाबत राहिली.
मी चप्पल काढली, का ते माहीत नाही.
पोहायचं वय गेलं माझं.

तेवढ्यात माडांखालून होडी निघाली.
वल्ह्याची ती लय मी डोळे मिटून ओळखतो,
डावं जरा उशिरा,
लहानपणी त्याचा तो खांदा माझ्यामुळेच निखळला होता.

जयवंत काठाला आला. बोट उलटी केली, पाणी सांडलं.
अंगठा मोटरवर टेकवला, झटकन मागे घेतला.
"तापली हा," तो म्हणाला. "वेढे कमी पडले."

ट्रॉलर विकला त्या दिवसानंतरचं
हे पहिलं वाक्य.
आणि ते बरोबर होतं, त्याचीच पंचाईत.

"हूं," मी म्हटलं.

तो होडी ओढून घेत होता, पाठ माझ्याकडे.
"सा सेलाची कितक्याक गावतली?"

म्हणजे गुणाकार घरी पोचला होता.

मी खरी किंमत सांगितली.
मग पुन्हा सांगितली, जरा कमी करून.