डावा तळहात

सोळा वर्षं मठात हुग्गी हाटली.
सराटा माझ्या खांद्याइतका उंच,
पातेलं दोघींच्या कवेत न मावणारं.
सोमवार आठवड्यातून एकदाच येतो
असं फक्त जेवणाऱ्यांना वाटतं.

खांदा गेल्या वर्षीच बोलला होता.
मी म्हटलं, गप. हे कायक आहे.
तो गप बसला.
मग बोटं बोलू लागली.

उदगीरच्या दवाखान्यात
ती कंधारची पोरगी, नवीन डॉक्टर,
एक्स-रे उजेडाला धरून म्हणाली,
मावशी, किती दिवस दुखतंय?
मी म्हटलं, दुखत नाही.
देवाच्या कामात हेच सांगायची सवय,
तिथंही तेच तोंडात आलं.

आता खरं सांगते.
मन्मथप्पा चारचौघांत म्हणायचे,
शिवकांताबाई आहेत म्हणून दासोह आहे.
ते वाक्य मी पदराला बांधून घरी आणायची,
रात्री गाठ सोडून
खोबऱ्याच्या तुकड्यासारखं चघळायची.
आणि सुनेच्या ताटात भाकरी
वाढायची नाही, आदळायची.

श्रावण संपता संपता एका पहाटे
पूजेला बसले, लिंग तळहातावर घेतलं
आणि हात थरथरला.
लिंग कललं.
ओच्यात पडता पडता उजव्या हातानं सावरलं.
मग कितीतरी वेळ
मी नुसती त्या डाव्या तळहाताकडं बघत बसले.
इथं त्याला बसवते मी रोज.
आणि ही जागा
कुणीही मागितली की देऊन टाकली.

मठात गेले. म्हटलं,
अप्पा, हुग्गी आता माझ्याच्यानं होणार नाही.
भाजी निवडायला येईन. बसून. महिन्यातून दोनदा.
ते हसले,
अंग चोरून सेवा होत नसते, अक्का.

वाक्य ओळखीचं होतं.
गेल्या उन्हाळ्यात सुगलाबाईची पाठ धरली
तेव्हा तिला हेच ऐकवलं होतं,
मीच.

परतताना तिच्या दारावरून आले.
कडीला हात लावला, वाजवली नाही.
दुसऱ्या दिवशी वाजवली.
तिनं काही विचारलं नाही,
तव्यावर मीठ भाजलं, फडक्यात बांधलं
आणि माझ्या खांद्यावर ठेवलं.

पहिल्या सोमवारी फोन सात वेळा वाजला.
मी दार लावून बसले होते,
कोपराखाली घडी घातलेली वाकळ.
असं चालतं का, माहीत नाही.
विचारायलाही गेले नाही.
हात थोडा हलला. लिंग हललं नाही.

दुपारी सून मठातून डबा घेऊन आली.
हुग्गी तळाला करपली होती.
चारशे माणसं जेवली म्हणाली,
कुणी काही बोललं नाही.

मला थोडं वाईट वाटलं.
मग दोघींनी मिळून खाल्ली.
गोड होती.