कार्ड क्रमांक शून्य

मॅडमची खोली रिकामी करायला मला चार दिवस लागले.
मे महिना. कूलरची खस वाळून कडकडीत,
आणि बाहेर अमरावती रोडचं डांबर इतकं मऊ
की सायकलचं स्टँड आत रुतायचं.

एकतीस वर्षं मी त्यांच्या टेबलावर पाणी ठेवलं.
धर्म म्हणजे काय, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही
आणि मी विचारलं नाही.
बाकी सगळे विचारायचे.
व्हायव्हाला आलेले पुण्याचे परीक्षक: तुम्ही स्वतः काय मानता?
मोमिनपुऱ्यातला रिक्षावाला: मॅडम, तुमी कोन्या देवाच्या?
परीक्षकांना म्हणाल्या, प्रश्न प्रबंधाबाहेरचा आहे.
रिक्षावाल्याला म्हणाल्या,
दादा, ज्याच्या दारी चहा भेटते त्याच्या.

उत्पला गोंडाणे. इंदोऱ्याच्या.
वडील एम्प्रेस मिलमध्ये साच्यावर,
घरात सात माणसं आणि कंदील एक.
आधी पाली शिकल्या, मग टायपिंग,
मग एका म्हाताऱ्या महानुभावाच्या पायरीशी बसून
पोथ्यांची ती गुप्त लिपी,
जिच्यात अक्षरं एकमेकांचे कपडे घालून बसतात.
दीड वर्ष म्हातारा नुसता पानाचा डबा पुढे करायचा.
मग एके दिवशी म्हणाला, वही आणली का?

रीडर व्हायला अकरा वर्षं लागली.
फाईल कुठे अडली ते मला माहीत होतं,
शिपायाला सगळंच माहीत असतं.
त्यांनी विचारलं नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र मला सुट्टी नसे.
इतवारीच्या गर्दीत मी छत्री धरायची,
त्यांनी लिहायचं:
मारबतीच्या बांबूचे पैसे कुणी दिले,
कागद कुठून आला, साडी कुणाच्या घरची.
लोक ओरडत, खोकला घेऊन जा, डास घेऊन जा, महागाई घेऊन जा गे मारबत,
आणि त्या प्रत्येक ओरडण्यापुढे वेळ टाकत. दहा वाजून चार. दहा वाजून सहा.
एकदा म्हणाल्या, ताराचंद,
लोक काय पूजतात ते सगळेच लिहितात.
काय फेकतात, ते कोणी लिहित नाही.
मला वाटलं, उन्हानं बोलताहेत.

निरोपाच्या दिवशी शाल मिळाली, नारळ मिळाला.
नारळ माझ्या हातात दिला: चटणी कर.
तरी खोली त्यांच्याकडेच राहिली, रोज यायच्या,
या फाल्गुनापर्यंत.

कार्डांचे खण बेचाळीस. पत्र्याचे, हिरवे.
सगळ्यात खालचा उघडेना, स्क्रू ड्रायव्हर लावला.
आत कापूस. कापसात
अंगठ्याच्या नखाएवढा एक टाक,
आणि कार्ड, त्यांच्या अक्षरात:

*क्रमांक शून्य. देवाचा टाक, पितळ.
चेहरा झिजलेला. कारण: हळद, बोट.
मूळ मालक: आई.
छप्पनच्या दसऱ्यानंतर घरातले देव नागनदीत सोडले.
निघताना सहा. पाण्यात पाच.
सहावा फ्रॉकच्या खिशात. वय वर्षे आठ.
कारण: आठवत नाही. श्रद्धा नव्हे.
आईला कळले काय: माहिती उपलब्ध नाही.*

त्याखाली दुसऱ्या पेनाने, शाई निळी,
तारीख त्यांची आई गेली त्या आठवड्यातली:

*कळले होते.*

एवढंच.

डेड स्टॉकच्या रजिस्टरात रकाने तीन:
पुस्तके. फर्निचर. भंगार.
मी पेन काढून बराच वेळ बसलो.
घामाचा थेंब भंगारवर पडला आणि शाई पसरली.
नवे सर दारातून डोकावले.
काय सापडलं रे?
कापूस, म्हटलं, सर.
त्यांच्या कानात नेहमी असायचा थोडा.