सहावी तासिका, सूर

गावाचं नाव सूर.
आईला फोनवर सांगितलं तेव्हा म्हणाली,
कुणी लावलाय?
खाडीपलीकडे लाकडी जहाजाच्या सांगाड्यावर
सुतार दिवसभर ठोकत असतात,
आणि त्या ठोक्यांवर अलीकडे, नववी ब मध्ये,
मी नागरिकशास्त्र शिकवतो.

प्रकरण चौथं, पान एकसष्ट.
‘आपल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला भेटा.
पाच प्रश्न विचारा. उत्तरं वहीत लिहा.’
मुलं छत्तीस. वॉर्ड शून्य.
जेसिन म्हणाला, सर, हे गाळूया,
परीक्षेला येत नाही.

गाळलं नाही.
म्हटलं, नगरसेवक नसेल, प्रश्न तर आहेत.

तन्झीला परकार टँकरवाल्याला भेटली.
पाणी कुठून येतं? समुद्रातून.
मग त्यातलं मीठ कुठे जातं?
तो म्हणे स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प बसला,
मग म्हणाला, बहुतेक परत समुद्रात.
तिनं ‘बहुतेक’ खाली दोन रेघा मारल्या,
पुढं लिहिलं : खात्री करणे बाकी.
बावीस वर्षांत इतकी चांगली वही
मी तपासली नव्हती.
मला तरी कुठं माहीत होतं, मीठ कुठे जातं.

मग मॉनिटरची निवडणूक.
खजुराच्या खोक्याला चीर पाडली, पेटी झाली.
कपाटाचं दार उघडून आडोसा केला.
शाई म्हणून जांभळा मार्कर,
आधी स्वतःच्या तर्जनीवर ओढून पाहिला,
पुसला जातो का म्हणून.
नाही गेला.

हरिणी अठरा, जेसिन सतरा,
आणि एक चिठ्ठी कोरी.

जेसिननं फेरमोजणी मागितली.
केली. तेवढीच आली.
त्यानं हरिणीशी हात मिळवला,
दुसरीकडे बघत, पण मिळवला.
कोरी कुणाची, यावर वर्ग पेटला.
मी डस्टर आपटलं :
गुप्त म्हणजे गुप्त.

शाळा सुटल्यावर
स्टाफरूमच्या दारात विद्युल्लता, शेवटच्या बाकावरची,
जूनमध्येच सलालाहून आलेली.
सर, कोरी माझी होती.
मला दोघांचंही पुरेसं ठाऊक नव्हतं.
पुढच्या वेळी आधी विचारीन.

कोरं मत वाया जातं,
हे पान त्रेसष्टवर चौकटीत छापलंय.
मी ते म्हटलं नाही.
हेही नाही, की दापोलीच्या यादीतून
माझं नाव केव्हाच गळलंय,
की तीन वर्षांत हे छत्तीस जण
कुठल्या कुठल्या विमानतळांवर
कुठल्या रांगेत उभे असतील कोण जाणे,
आणि त्या तीस किलोंत
पान एकसष्ट नक्कीच नसेल.
बाकीचं काय राहील ते राहो.
नुसतं म्हटलं, विचार. नक्की विचार.
ती गेली, बस चुकू नये म्हणून धावत.

गुरुवारी भाजी घेताना
बीरानचं लक्ष माझ्या बोटाकडे गेलं.
काय लागलं, मास्तर?
मतदान केलं.
तो तराजू धरून थांबला. इथं? कुठं?
नववी ब.
हसेल असं वाटलं होतं.
त्यानं काटा स्थिर होऊ दिला,
मग विचारलं, कोण आलं?
हरिणी, म्हटलं. एका मतानं.
एका मतानं, तो पुटपुटला,
आणि पिशवीत कोथिंबीर टाकली, वरची.