काडेपेटीतला किडा

चूक एवढीशीच होती माझी.
स्प्रूसच्या सालीखालचा एक किडा
काडेपेटीत घालून मी राईबाहेर नेला.
तपकिरी. गव्हाच्या दाण्याहून लहान.

आमच्या कुसोतोचा नियम शेंबड्या पोरालाही पाठ असतो:
आतलं आतच.
डहाळी मोडायची नाही, शिवी द्यायची नाही,
बळीच्या हंसाचं हाडसुद्धा घरी न्यायचं नाही,
तिथल्याच आगीत जाळायचं.
निघताना बुटाला चिकटलेलं पानही
वेशीवर झटकायचं.

मी झटकलं पान. काडेपेटी खिशात राहिली.

योश्कार-ओलाच्या प्रयोगशाळेत बाईंनी भिंगातून पाहिलं.
"आठ दातांचा. हाच तो.
आधी उन्हाळ्यात एकदा वीण व्हायची,
आता दोनदा."
आणि चहा विचारला.

पुढच्या आठवड्यात वनखात्याचा झुबारेव कागद घेऊन आला.
माणूस वाईट नाही. वेशीवर टोपी काढतो,
त्याच्याही मधाच्या पेट्या आहेत, त्याच लिंडनांवर जगणाऱ्या.
"एकोणीस झाडं तोडा," म्हणाला,
"नाहीतर तीनशे जातील.
मला काय, सही हवी."

तोकतार आमचा पुजारी. वय अठ्ठ्याहत्तर,
निम्मं आयुष्य सामुदायिक शेतावर ट्रॅक्टर चालवण्यात गेलं,
आणि ज्या काळात प्रार्थना गुन्हा होता
त्या काळात तो अंधारात इथे यायचा,
मेणबत्ती टोपीआड धरून.
त्याने कागद वाचला. घडी घातली.
झुबारेवला काहीच बोलला नाही.
मला विचारलं, "उनाविका, किडा कुठाय?"

"तिकडेच. बाटलीत. स्पिरिटमध्ये."

"मग आण."

जाऊन-येऊन एकशे ऐंशी किलोमीटर, दोन बसगाड्या,
एका मेलेल्या किड्यासाठी.
बाई हसल्या नाहीत, त्याचं मला अजून नवल वाटतं.
बाटलीवर चिठ्ठी होती: तारीख, झाडाचा क्रमांक.
आमच्या झाडांना क्रमांक नाहीत.
तो मीच घातला होता, बारा.

तोकतारने बाटली झाडाच्या बुंध्याशी रिती केली.
"आता विचारता येईल," म्हणाला,
आणि खोडाला कान लावून उभा राहिला,
इतका वेळ, की माझे पाय बधिर झाले.
काय ऐकलं ते सांगितलं नाही.
"कुऱ्हाड नको. साल काढा.
हातांनी, हाडाच्या पात्यांनी. शिडी पोचेल तिथवर."

पाच दिवस आम्ही सोलत होतो.
सालीच्या आतल्या अंगाला अळ्यांनी कोरलेल्या वाटा,
मधली एक उभी, तिला आडव्या फुटलेल्या,
जणू कुणी घाईघाईने भरत घातलंय.
झुबारेवही आला, रविवारी, गणवेश न घालता.
शिडी धरली.
सगळी साल आतल्या आगीत जाळली,
हाडांबरोबर, एकाच राखेत.
त्या दिवशीच्या लापशीला राळेचा वास होता. सगळ्यांनी खाल्ली.

शिडीच्या वर काय राहिलं, देव जाणे.
एकोणीस झाडं आता नागव्या खोडांनी उभी आहेत,
लांबून वाटतं, पांढरे सदरे घालून
आमच्या आधीच कुणीतरी प्रार्थनेला येऊन थांबलंय.

ऑक्टोबर सरत आला. इलेत नदीवर बर्फाचा पापुद्राही नाही.
एका भूर्जाला पुन्हा पालवी फुटली, वेड्यासारखी.
झुबारेवचा कागद तोकतारच्या फळीवर, पावाखाली,
मुदत एप्रिलची.

काल मोठी प्रार्थना झाली.
मागायचं ते नेहमीच्याच क्रमाने मागितलं:
धान्य, मधमाश्या, गाभण गाई,
दूर कामाला गेलेल्या पोरांना घरची वाट.
मग तोकतार थांबला. आम्हाला वाटलं, विसरला.
तो म्हणाला,
"आणि थंडी दे, पांढऱ्या थोर देवा.
हाडं फुटतील अशी. पूर्वीसारखी."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं.
माझ्या शेजारी ओश्माविका गुडघ्यांवर होती.
तिचा बाप त्या पूर्वीसारख्या थंडीतच गेला,
घरापासून दोनशे पावलांवर.
ती बराच वेळ गप्प राहिली.
मग तिनेही कपाळ जमिनीला टेकलं.
"दे," म्हणाली.