मिश्री लावली असेल तर

मिश्री लावली असेल तर अर्धा तास थांबावं लागतं.
प्रशिक्षणात हे कोणी सांगितलं नव्हतं.
कागदावर नुसतं : तपासणीआधी खाऊ-पिऊ नये.
मिश्री म्हणजे खाणं का पिणं,
लिहिणाऱ्याच्या डोक्यात कुठून येणार.
सोजरनं तर दारच उघडलं
तोंडात बोट घालून.

तोवर गल्लीतल्या तीन ओट्यांनी मला मोजलं होतं.
आशाताई कोणाच्या घरी किती वेळ बसते
याचं रजिस्टर माझ्यापेक्षा चोख
शेवंतामावशीकडं आहे.
दहा मिनिटं म्हणजे लोहाच्या गोळ्या,
पंधरा म्हणजे पाळी चुकली,
त्याच्या वर बसलं की
गावाला रात्रीपुरतं भागलं.

पिशवीत वर ओआरएस, मधी निरोध,
तळाला ब्लाउजपीसात गुंडाळलेल्या सहा पेट्या.
"सुई नाही," म्हणलं, "रक्त नाही.
ही काडी वरच्या हिरडीवरून एकदा, खालच्या एकदा,
मग नळीत उभी करायची. वीस मिनिटं.
तुझं तू बघायचं.
मला दाखव, नाहीतर नको दाखवू."

तिचा नवरा बोअरच्या गाडीवर.
कधी बिदर, कधी निजामाबाद, कधी त्याच्याही खाली.
तीनशे फूट, पाचशे फूट,
कोरडं लागलं तरी मजुरी मिळते.
दिवाळीला आला तर जिभेवर पांढरं,
उन्हाळ्यात आला तर
पट्ट्याला दोन भोकं नवी पाडलेली.
मी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं.
वर म्हणली, "नाव नको घेऊ त्याचं. भिंत पत्र्याची हाय."
मी बोटानं हवेत लिहिलं.
तिला वाचता येत नाही,
तरी मान हलवली.

मग एकदम :
"तू केलीस का?"

मला कशाला, हे अगदी ओठापर्यंत आलं होतं.
हेच वाक्य या आठवड्यात बारा घरांत ऐकलेलं
आणि बाराही उंबऱ्यांवर
मनातल्या मनात कपाळाला हात लावलेला.
आमचे हे पतसंस्थेत. संध्याकाळी सहाला घरी.
सहाला घरी येणं
हे काय कोणत्या नळीत उमटतं?

मी दुसरी पेटी फोडली.

सोबतचा ठोकळा डुगडुगायला लागला
तशी तिनं मापट्यात ज्वारी भरली,
दोन्ही नळ्या ज्वारीत खोवल्या.
मोबाईलला गजर लावला.
ती तुरीतले खडे काढत बसली,
मी तिच्या पोरीच्या दहावीच्या फॉर्मचं विचारलं,
तिनं उत्तर दिलं, मी ऐकलं नाही.
कोंबडी आत आली, मापट्याकडं निघाली,
दोघी एकदम ओरडलो,
मग हसलो, मग गप्प.

बाहेरून शेवंतामावशी : "काय करायल्या गं एवढा वेळ?"
"ज्वारी बघायलाव!" सोजर म्हणली.
खोटं नव्हतं ते.

बाकीचं मी तिला हळू सांगितलं.
एक रेघ म्हणजे काडी चालते.
तेवढीच आली तरी तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं,
अलीकडचं अजून दिसत नसतं.
दोन आल्या तर लगेच निकाल नाही,
मोठ्या दवाखान्यात परत बघतात,
आणि औषध आहे, फुकट आहे,
माणसं त्यावर म्हातारी होतात.
तिला सांगत होते म्हणते मी.
खालचा आवाज कोणासाठी होता कोण जाणे.

गजर झाला.

कोणाच्या काडीवर किती रेघा
हे मी रजिस्टरात लिहिलेलं नाही,
इथंही लिहिणार नाही.
ज्वारी तिनं परत कणगीत टाकली नाही,
कोंबड्यांना घातली.
काड्या मी ब्लाउजपीसात बांधून नेल्या.

सोमवारी सकाळची नांदेड गाडी.
मुखेडला नको, तिथला शिपाई आमच्याच गावचा.
दोन अर्धी तिकिटं.
खिडकीशी ती, तिच्याशेजारी मी,
मांडीवर एकच पिशवी.
कोण कोणाच्या सोबतीला चाललंय,
कंडक्टरनं विचारलं नाही.