अर्धीण

पेडण्याच्या बाजारात औषधाच्या दुकानावर
जिना चढून आलात की माझं टेबल.
पाटी: शपथबद्ध भाषांतरकार.
पोर्तुगीज मला बोलता येत नाही,
वाचता येते, तीही फक्त मेलेल्यांची:
वाटण्या, मृत्युपत्रं, नारळाच्या मोजण्या,
वाळवीनं खाल्लेले स्वल्पविराम.

काल पालयेंहून जयवंती पोळजी आली.
पिशवीत सासूच्या वेळचं वाटणीपत्र, एकावन्न सालचं,
आणि दिराचा नवाकोरा कागद:
काजूचा डोंगर दिल्लीच्या कुणा हॉटेलवाल्याला.
"दीर म्हणता, सही कर, बाकीचां मी बघतंय.
पण माझी सही कित्याक होयी?
डोंगर तर घोवाचो."

जुन्या कागदात सासूच्या नावापुढे
माझं बोट थांबलं. मेएयरा.
म्हटलं, अर्ध्याची धनीण.
नवरा गेल्यावर नव्हे, कुणाच्या मेहेरबानीनं नव्हे,
लग्नाच्या नोंदीवर दुसरी सही झाली त्या दिवसापासून.
डोंगरातलं अर्धं, घरातलं अर्धं,
कर्जातलंही, तेवढं विसरू नका.

ती हसली नाही, रडलीही नाही.
म्हणाली, ह्याला आपल्यात काय म्हणतात?

आपल्यात शब्द आहे. अर्धांगिनी.
पत्रिकेवर छापतात,
पूजेला हाताला हात लावून बसवतात.
तो शब्द मी उलटा धरून झटकून पाहिला,
एक गुंठासुद्धा खाली पडला नाही.

हा कायदा ज्यांनी आणला
त्यांनी आम्हाला विचारून आणला नव्हता.
आणि त्यांच्या लिस्बनात ते जुनं पुस्तक
केव्हाच मोडीत निघालं, नवं आलं.
इथं चालू आहे,
चार पानं बदलून, दोन ठिगळं लावून.
पाखल्यानं खणलेली विहीर:
पाखलो गेला, पाणी उपसतोच आपण.

जयवंतीची बहीण मंजुळा आरोंद्याला दिलेली.
मध्ये फक्त तेरेखोल.
इकडे एक-चौदाचा उतारा, तिकडे सातबारा.
तिचाही नवरा गेला, त्याच वर्षी.
तिकडच्या हिशेबानं तीन मुलगे आणि ती,
चार सारखे वाटे.
मग मुलगे म्हणाले, आईचं वेगळं कशाला?
हक्कसोड झाली एका दुपारी,
येताना तिला बेकरीतली नानकटाई घेऊन दिली.

जयवंतीचा धाकटा रूपेश स्विंडनला, गोदामात.
आजोबाचा जन्म लिस्बनच्या वहीत चढवून
पासपोर्ट काढला, तोही मीच भाषांतरलेल्या दाखल्यावर.
तो फोनवर सांगतो, इथं राज्यघटना नावाचं
एक पुस्तकच नाही, सगळं रीतीवर आणि आठवणीवर.
"म्हणजे आमच्या गांवकारीवरी," जयवंती म्हणाली.
"मगे भांडणां खूप होत असतली."

मला हसू आलं, मग आलं नाही.
कारण मी तीस वर्षं हेच करतो आहे,
एका देशाचा अर्धा दुसऱ्या भाषेत बसवतो
आणि दर वेळी थोडं सांडतं.

भाषांतरात मी लिहिलं: अर्धीण.
निबंधकाच्या कारकुनानं चष्मा वर केला.
असा शब्द नाही कोशात.
म्हटलं, जमीन आहे ना?
त्यानं खोडला. मी पुन्हा लिहिला.
शेवटी कंसात मूळ शब्द ठेवायचा ठरला,
आणि शिक्का पडला, जरा तिरका.

सही तिनं केली नाही. अजून तरी.
दीर येतो, व्हरांड्यात बसतो, चहा पितो,
पाऊसपाण्याचं बोलतो, उठून जातो.

आज सकाळी ती किरणपाणीच्या पुलावरून
बहिणीकडे निघाली, कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून.
जाताना जिन्यावरूनच विचारलं,
"भाऊ, हो शब्द
पुलार खंयसर मेरेन चलता?"

मी खाली जाऊन नकाशा बघायला हवा होता.
म्हटलं, मधल्या खांबापर्यंत तरी.